मंचाखालचा आवाज

बुद्धिबळात खेळाडू बसतात आणि पंच उभा राहतो. पट मांडायचे, घड्याळं लावायची, फेरी सुरू झाल्याचं जाहीर करायचं, आणि मग टेबलांमधल्या वाटेवरून पायांचा आवाज न करता फिरत राहायचं. नियमाबाहेरची खेळी दिसली तर दखल घ्यायची. वाईट खेळी दिसली तर चेहरा हलू द्यायचा नाही. एखादं पोर आता वजीर गमावणार हे पंचाला आधी दिसतं, आणि पोराची आई दाराच्या काचेतून पटाकडे नाही, पंचाच्या तोंडाकडे बघत असते.

पोटापाण्याचा माझा धंदा बातमीदारीचा. पंचगिरी शनिवार-रविवारची, बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतली, पुढे परवाना मोठा झाला तशी जरा लांबची. दोन्ही कामांची शिस्त एकच: जे घडलं ते लिहायचं, जे वाटलं ते लिहायचं नाही. आता दोन्ही कामं थांबली आहेत.

पंचाचा निम्मा वेळ तक्रारींत जातो. इंदापूरच्या एका एसटी कंडक्टरनं तक्रार केली की समोरचा माणूस विचार करताना भजन गुणगुणतो, ती चाल आपल्याही डोक्यात बसली आणि त्या नादात वजीर गेला. तक्रार मी मान्य केली. वजीर परत दिला नाही. बारामतीत एक वडील खिडकीबाहेर उभे राहून मुलीला खुणा करत. नाक पुसलं की घोडा, कान खाजवला की उंट. त्या दिवशी त्यांना सर्दी झाली होती. मुलगी घोडे नाचवून नाचवून हरली आणि बाहेर जाऊन वडिलांशी भांडली, त्यावरूनच आम्हाला सगळं कळलं.

बाहेरून मदत घेणं हा या खेळातला सर्वांत मोठा गुन्हा. पूर्वी मदत खिडकीतून यायची, आता खिशातल्या मोबाइलमधून येते, म्हणून खेळाडूंची यंत्रानं झडती होते. अशा पुष्कळ तक्रारी मी निकाली काढल्या. त्यांतली एकच निकाली निघूनही संपलेली नाही. ती सम्यकच्या डावातली.

सम्यक पणदऱ्याचा. मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि इंदापुरातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये तालुक्याच्या स्पर्धेत खेळत होता. खुर्ची उंच होती, पाय फरशीला टेकत नव्हते. समोरच्या मुलीनं हात वर केला.

"सर, ह्यानं राजाला घोडा केलाय."

पटावर पाहिलं. राजा एकेक घर चालतो, हा नियम. सम्यकचा राजा आपलं घर सोडून अडीच घरं पलीकडे बसला होता.

"राजा असा उडी मारत नाही," मी त्याला सांगितलं. "कोणी शिकवलं?"

"कोनी न्हाय. मोबाइलवर शिकलो."

"मोबाइलवर अशी उडी मारता येते?"

त्यानं मान हलवली. येत नाही, हे त्यालाही माहीत होतं. मोबाइलमधला खेळ नियमाबाहेरची सोंगटी ठेवूच देत नाही. ती आपोआप मागे सरकते.

"मग?"

"ते म्हनले, उचल राजा."

"ते कोण?"

तो टेबलाखाली, आपल्या पायांच्या दिशेनं बघत राहिला. मीही वाकून पाहिलं. खाली फरशी होती.

वाचकांसाठी सांगायला हवं की ही उडी पोराच्या मनातली नव्हती. आपल्याकडे गावोगाव पूर्वी देशी पद्धतीचं बुद्धिबळ चाले. त्यात राजाला शह बसण्याआधी, साऱ्या डावात एकदा, घोड्यासारखी उडी मारता येत असे. आंतरराष्ट्रीय नियम आल्यावर ती पद्धत गेली. ती खेळलेली माणसं मी तरुणपणी पाहिली होती, सगळी म्हातारी. सात वर्षांच्या मुलाला ती कळण्याचा मार्ग मला दिसला नाही.

त्याचे वडील मिलिंद बाहेर मोटरसायकलला टेकून उभे होते. वीज कंपनीत वायरमन. मी विचारलं, घरात कोणी जुन्या पद्धतीनं खेळतं का.

"आमच्यात? सर, आमच्या घरात पटसुद्धा नव्हता. हा मागं लागला म्हणून बारामतीतनं आणला. मला खांबावर चढता येतं, तेवढं शिकवीन म्हणलं तर ते नको त्याला."

सम्यकनं ती स्पर्धा जिंकली. पुढची सगळी वर्षं जिंकत गेला: जिल्हा, राज्य, मग देशाबाहेर. वयाच्या मानानं त्याचा खेळ सावकाश आणि म्हाताऱ्या माणसासारखा होता. फक्त एक खोड. डाव अवघड झाला की उजवा हात राजाकडे जायला लागे. बारामतीच्या प्रशिक्षकांनी त्याला हात मांडीखाली दाबून बसायला शिकवलं. घाईची खेळी टाळायला ही सवय पुष्कळांना लावतात. सम्यक मात्र हातावर असा बसे की फेरी संपल्यावर बोटं पांढरी पडलेली दिसत.

ग्रँडमास्टर हा किताब एका विजयानं मिळत नाही. रेटिंग एका पातळीवर न्यावं लागतं, आणि तीन स्पर्धांत बलाढ्य खेळाडूंसमोर ठरावीक कामगिरी करून दाखवावी लागते. त्या कामगिरीला नॉर्म म्हणतात. सोळाव्या वर्षी सम्यकचे दोन नॉर्म झाले, तेव्हा वर्तमानपत्रानं मला त्याच्यावर लेख करायला पणदऱ्याला पाठवलं. तो स्वतः स्पर्धेसाठी परगावी होता. मिलिंद मला गावातल्या जुन्या माणसांकडे घेऊन गेले. पहिलंच घर बाबूरावतात्यांचं. पंचाऐंशीच्या पुढचं वय, कान शाबूत, ओट्यावर बसून दूध काढणाऱ्या नातवाला सूचना देणं चालू होतं.

"ग्रँडमास्टर का काय ते हुणार म्हनं," तात्या म्हणाले. "हुणारच की. लक्ष्मणचा पणतू हाय त्यो."

"तात्या, आमचे आजोबा खेळत नव्हते," मिलिंद म्हणाले.

"तू जल्मायच्या आधी सोडलं त्यानं. तुला काय ठावं? पंचक्रोशीत कोन हात धरणारा नव्हता त्येचा."

मग तात्यांनी सांगितलं ते असं. पारावर पट मांडलेला असे. तात्यांचे थोरले चुलते वर बसून खेळत. लक्ष्मण पाराखाली उभा राही.

"खालनं त्याला पट धड दिसायचाबी न्हाय. टाचा उंच करून एकदा बघायचा, मग डोळं मिटून बोलायचा. उजवा घोडा फुडं घ्या. उंट मागं घ्या. त्याच्या सोंगट्या मी हलवायचो. मी म्हंजे एवढा." तात्यांनी हातानं उंची दाखवली. "त्येनं हात लावायचा न्हाय, असं हुतं."

का, हे कोणी विचारलं नाही. ओट्यावर बसलेल्या तिघांनाही ते माहीत होतं.

"हरायचा न्हाय कधी. एकदाच हरला, आन ते माझ्या हातनं. त्यो म्हनला, राजा उचल, उडी घे. मी राजा उचलला आन भलत्याच घरात ठिवला. चुलता म्हनला, हात सुटला, आता बदलायचं न्हाय. लक्ष्मण मला एक शबूद बोलला न्हाय. नुसता बघत ऱ्हायला माझ्या हाताकडं." तात्या नातवाला म्हणाले, "आरं, वासराला सोड की." मग परत आमच्याकडे वळले. "छप्पन सालाफुडं त्यांनी धम्म घेतला. त्या सुगीला आला पाराशी. म्हनला, आता खेळीन तर वर बसून. चुलता म्हनला, खालनं काय वाईट चाललं हुतं? त्यो गेला. पुन्यांदा न्हाय आला."

परत येताना मिलिंद फाट्यावर गाडी थांबवून म्हणाले, "सर, हे छापू नका. पोराला बी सांगू नका. उद्या त्यानं किताब आणला तर लोकांनी त्याचं बोलावं. हे बोलत बसायला नको."

मी छापलं नाही. लेखात पणदऱ्याचा ऊस, दूध, वायरमन वडील आणि पोराचे दोन नॉर्म एवढंच आलं.

तिसऱ्या नॉर्मची संधी पुढच्याच वर्षी बारामतीत आली. ऊसतोडीचे दिवस होते. लग्नाच्या तिथी नव्हत्या, म्हणून एक मोठं मंगल कार्यालय स्वस्तात मिळालं. महत्त्वाचे पट वर, नवरानवरी बसतात त्या मंचावर मांडले. खाली प्रेक्षकांच्या खुर्च्या, आणि मंच व खुर्च्यांच्या मध्ये दोरी बांधून मोकळी ठेवलेली जागा. मुख्य पंच मी होतो. शेवटच्या फेरीत सम्यकला जिंकणं भाग होतं. बरोबरी झाली तर नॉर्म गेला. समोर पूर्व युरोपातले एक ग्रँडमास्टर. पन्नाशीचे, अतिशय सभ्य गृहस्थ. मराठीतला त्यांना येणारा एकमेव शब्द 'चहा'.

डावाच्या मध्यावर त्यांनी हात वर केला. मी जवळ गेलो. ते इंग्रजीत, हळू आवाजात म्हणाले, "कोणीतरी बोलतंय."

"कुठं?"

त्यांनी सभागृहाकडे बोट केलं नाही. मंचाच्या कडेकडे, खाली केलं. "तिथून. उभा असलेला माणूस बोलतो तसा. खालून वर."

मी खाली उतरलो. दोरीच्या आतली जागा मोकळी होती. मंचाचं लाकडी फळकूट काढून आत बॅटरी मारली. गालिच्यांच्या गुंडाळ्या, एक मोडकी समई, धूळ. ध्वनिक्षेपकाच्या तारा उपसून काढल्या. सम्यकची पुन्हा झडती घेतली, पुढच्या ओळीतल्या प्रेक्षकांचीही. मला स्वतःला काही ऐकू आलं नाही. कार्यालयामागच्या रस्त्यानं ऊस भरलेले ट्रॅक्टर जात होते, पण तो आवाज सगळ्यांना ऐकू येत होता आणि तो वेगळा होता.

डाव पुन्हा सुरू झाला. थोड्या वेळानं परदेशी खेळाडूंनी मान एकदम मंचाच्या कडेकडे वळवली, कोणी हाक मारल्यासारखी. त्याच क्षणी सम्यकचा उजवा हात मांडीखालून बाहेर आला. त्यानं राजा उचलला आणि अडीच घरं पलीकडे ठेवला. घड्याळ दाबलं.

आजकाल पट विजेचे असतात. सोंगटी हलली की भिंतीवरच्या पडद्यावर खेळी उमटते. पडद्यावरचा पट थिजला. यंत्राला ती खेळी कळेना. सभागृहात कुजबुज झाली आणि थांबली. सतरा वर्षांच्या, दोन नॉर्म असलेल्या खेळाडूनं पहिल्या दिवशी शिकवतात तो नियम मोडला होता.

शिक्षा ठरलेली आहे. समोरच्याला दोन मिनिटं जादा, सोंगटी मागे, आणि हात लावलेला राजाच नियमात बसेल अशा घरात खेळायचा. दुसऱ्यांदा असं झालं तर डाव गेला. हे मी सम्यकला सांगितलं. त्यानं राजा एक घर सरकवला. तिथं तो उघड्यावर आला. बुद्धिबळ कळणाऱ्या कोणीही त्या वेळी त्याचा डाव संपला असंच म्हटलं असतं.

समोरच्यांनी हल्ला केला, पण त्यांचं लक्ष पटावर राहिलं नव्हतं. दर खेळीआधी ते मंचाच्या कडेकडे बघत आणि कॉलर सारखी करत. त्यांच्या हातून एक उंट सुटला. डाव पुन्हा समान झाला, मग सम्यकच्या बाजूला झुकला. आणि नेमका तेव्हा त्याचा हात परत राजाकडे निघाला.

मी दोन पावलांवर उभा होतो. पंचानं बोलायचं नसतं. बोट राजाच्या मुकुटाला टेकायचंच बाकी होतं. सम्यक पटाकडे पाहत नव्हता. मंचाखाली, जिथं जमीन सुरू होते तिथं पाहत होता. ओठ हलले.

"न्हाय," तो म्हणाला. "हितं तसं चालत न्हाय."

हात मागे गेला. त्यानं हत्ती खेळला. अंधार पडायच्या आत समोरच्यांनी घड्याळ थांबवून हात पुढे केला. सम्यक जिंकला होता.

टाळ्या वाजल्या, पण निकाल मी जाहीर करू शकलो नाही. परदेशी खेळाडूंनी लेखी तक्रार दिली होती: प्रतिस्पर्ध्याला मंचाखालून कोणीतरी खेळी सांगत होतं, राजाच्या त्या खेळीआधी आवाज आला आणि मग हात हलला. भाषा कळली नाही, आवाज वृद्ध पुरुषाचा. माणूस खोटं बोलत नव्हता. तक्रार खरी ठरली तर डाव जातो, नॉर्म जातो, आणि मदत घेतल्याचा ठपका पोराच्या नावावर कायमचा बसतो.

सुनावणी वधूपक्षाच्या खोलीत घेतली. आरशाला कोणाकोणाच्या टिकल्या चिकटलेल्या होत्या. मिलिंद दाराबाहेर उभे. सम्यक समोर बसला. विचारायलाच हवा तो प्रश्न मी विचारला.

"तुला आवाज ऐकू आला?"

"व्हय, सर. लहानपणापासनं येतो."

"काय सांगतो?"

"राजा उचल. बास. डाव कसाबी असू दे, तेवढंच. ऐकलं तर मी हरतो, म्हणून ऐकत न्हाय."

"आज ऐकलंस."

त्यानं खाली पाहिलं. "आज लई थकल्यागत वाटले ते. म्हणलं, एकदा ऐकावं."

"कोण आहेत ते, ओळखतोस?"

"न्हाय." मग माझ्याकडे सरळ पाहून त्यानं विचारलं, "तुमी ओळखता?"

त्या प्रश्नाचं उत्तर देणं पंचाच्या कामात येत नव्हतं. मी त्याला बाहेर जायला सांगितलं.

निर्णय लिहायला अवघड नव्हता. मदत म्हणजे ज्यानं खेळाडूचा फायदा होतो ती, असं म्हणता आलं असतं. ह्या सूचनेनं समोरच्याला दोन मिनिटं जादा मिळाली आणि राजा उघडा पडला. पण त्याहून साधं कारण होतं, आणि बातमीदारीच्या सवयीनं मी तेवढंच लिहिलं. 'सखोल तपासणी केली. मंचाखाली कोणीही व्यक्ती उपस्थित नव्हती. तक्रार फेटाळण्यात येत आहे.' परदेशी गृहस्थांनी वाचून मान डोलावली. जाताना म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. पण त्याला वर बसायला खुर्ची तरी द्यायची."

नॉर्म मंजूर झाला. किताब मिळाला. पणदऱ्यात मिरवणूक निघाली. ट्रॅक्टर बाबूरावतात्यांच्या घरचा होता.

गेल्या हिवाळ्यात सम्यक इंदापूरला आला होता. एका वेळी पुष्कळ पटांवर शाळकरी मुलांशी खेळण्याचा कार्यक्रम. मी प्रेक्षक म्हणून गेलो. तो पटांच्या रांगेतून फिरत होता, भरभर, बिनचूक. हात कुठं अडखळत नव्हता. नंतर बाजारपेठेतल्या एका हॉटेलात आम्ही बसलो. मी विचारलं, कसं चाललंय.

"शांत हाय, सर. त्या दिवसापासनं आवाज न्हाय. मुद्दाम वाईट डाव मांडून बसलो. न्हाय आला." त्यानं बशी सरळ केली, मग परत तिरकी केली. "तुमचा निर्णय पप्पांना समजावा म्हणून मी घरी मोठ्यानं वाचला हुता. कोणीही व्यक्ती उपस्थित नव्हती. ते वाक्य संपलं आन घरात असं झालं, जसं कोणीतरी उठून गेलं. पप्पांनी बी दाराकडं बघितलं."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"तात्यांनी मागल्या महिन्यात मला सगळं सांगितलं. कोण हुते ते." त्यानं बशी बाजूला सारली. "सर, ते वाक्य बदलता येतं का?"

"बदललं तर तिथं कोणीतरी होतं असं ठरेल," मी म्हणालो. "म्हणजे तक्रार खरी. मग नॉर्म जातो. नॉर्म गेला की किताब जातो."

"म्हंजे माझा किताब ऱ्हायचा तर ते तितं नव्हतेच."

"कागदावर तसं आहे."

बाहेर सोलापूरची गाडी लागली आणि कंडक्टर ओरडू लागला. सम्यकनं ते सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "अर्ज कोणाकडं करायचा असतो?"

नियम विचारला तर पंचाला तो सांगावा लागतो. मी कार्यालयाचं नाव सांगितलं, अर्जात काय लिहावं लागतं ते सांगितलं, आणि परिणाम पुन्हा एकदा सांगितला. त्यानं मान डोलावली.

अर्ज पोहोचल्याची पोच त्याला आली आहे. हा मजकूर छपाईला जाईपर्यंत निर्णय कळलेला नाही.